पाणी न लावायचा दगड

आमच्या घरात एका दगडाला पाणी लावायची सक्त मनाई होती. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा नाही, देवघरात चपला नाहीत आणि बाबांच्या टेबलावरच्या त्या दगडाला पाणी नाही, हे तिन्ही नियम मी एकाच वयात शिकले. लोकांच्या घरी शोकेसमध्ये काचेच्या बाहुल्या असत, आमच्याकडे दगड होते. मैत्रिणी यायच्या आणि तोंडावर हात ठेवून हसायच्या, "तुझे पापा पत्थर जमा करतात? क्यों?" मी तेव्हाही चिडायचे. आजही कुणी विचारलं तर चिडते, फक्त आता उत्तर देता येतं.

बाबा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. पणजोबा संस्थानच्या दरबारात कारकून म्हणून इंदूरला आले, आजोबा सरकारी कचेरीत लागले आणि बाबा दगडांत शिरले. आजोबा म्हणत, "घराण्याची प्रगती बघा, दरबारातून थेट दगडात." बाबा हसून सोडून द्यायचे. हसून सोडून देणं त्यांना फार चांगलं जमायचं. मला ते कधीच जमलं नाही, मी आईवर गेले.

तो दगड सिमरोलच्या घाटातला. तिथे रस्ता रुंद करायला डोंगर कापत होते, आणि कापलेला डोंगर म्हणजे बाबांना लग्नाचं आमंत्रण. मला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. मी शाळकरी पोर, उन्हात उभी राहून कंटाळले होते. त्यांनी ढिगातून नारळाएवढा एक काळा धोंडा उचलला, हातोडीचा एक घाव घातला आणि त्याचे बरोबर दोन तुकडे माझ्यापुढे धरले. बाहेरून काळाकुट्ट, आणि फुटलेल्या बाजूला सगळीकडे हिरवट डाग, मध्येच तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके.

"हे बघ बेटा," बाबा म्हणाले, "हा अख्खा माळवा कधीकाळी उकळता रस होता. जमीन फाटून लाव्हा आला आणि पसरला. वरून गार झाला, काळा, टणक झाला. पण आत वाफ होती, गरम पाणी होतं. ते अडकलं. बाहेर पडायला वाटच मिळाली नाही. मग ते आतल्या आत, बारीक बारीक फटींतून फिरत राहिलं आणि फिरता फिरता दगडालाच खात गेलं. आधी यात चमकदार कण होते, ऑलिव्हिन म्हणतात त्याला, ते गेले. मग काचेसारखा भाग होता, तो गेला. त्यांची झाली ही हिरवी माती. जे विरघळलं ते बुडबुड्यांच्या जागी जाऊन बसलं, त्याचे हे पांढरे खडे झाले."

"पाऊस लागून झालं का?" मी विचारलं.

"तीच तर गंमत आहे. बाहेरून कोणी आलंच नाही. ज्या रसाचा दगड झाला, त्याच रसातलं पाणी. गॅस बंद केला तरी कुकरचं झाकण उघडेपर्यंत भात आत मुरत राहतो ना? तसं. फक्त हा कुकर कुणी उघडलाच नाही."

मी पुढे परदेशीपुऱ्यातल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायला लागले, आणि दरवर्षी नववीच्या वर्गात ही कुकरची गोष्ट सांगते. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, ये एक्झाम में आएगा क्या?" मी सांगते, "नाही येणार, गप ऐका."

ते दोन तुकडे घरी आले. बाबा म्हणायचे, एकात आत नक्की मोठी पोकळी असणार, हातात घेतला की हलका लागतो, आणि पोकळीत असे लांब लांब पांढरे खडे असतील की तू बघत राहशील. मी म्हणायचे, मग फोडा ना. ते म्हणायचे, "राहू दे. सगळंच फोडून बघायचं नसतं."

त्यातला दुसरा तुकडा आईने संपवला. दिवाळीची साफसफाई होती, आणि आईची साफसफाई म्हणजे वादळ. तिने हाती लागतील तेवढे दगड बादलीत साबणाच्या पाण्यात घातले आणि फराळाकडे वळली. तासाभराने हात घातला तर एक दगड गायब! बादलीच्या बुडाशी हिरवा गाळ आणि काळी कच. आई बादली घेऊन तशीच बाबांसमोर जाऊन उभी राहिली. बाबांनी गाळात बोटं फिरवली. मला वाटलं आता हे रडणार. पण ते म्हणाले, "अगं, ती माती पाणी पिते. पाणी पिऊन फुगते, आणि फुगली की दगडाला आतून फोडते. तुझा काय दोष, तो तहानलेलाच होता." आणि हसले. उरलेला तुकडा टेबलावर गेला आणि त्या दिवसापासून नियम झाला: याला पाणी नाही. माझा धाकटा भाऊ तेव्हा हॉस्टेलला होता. त्याला या नियमाचं नंतर कुणी सांगितलं असेल, नसेल, देव जाणे. घरातल्या ज्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, त्या कुणी कुणाला सांगत नाही.

बाबांच्या किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती हीच. यांना पाणी नाही. म्हणजे मोजून द्यायचं, एवढंच, दिवसभरात मिळून. शरीरातलं पाणी बाहेर पडत नव्हतं. पाय सुजायचे, बोटाने दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. पलासियाच्या एका क्लिनिकमध्ये डायलिसिसला न्यायचो. मशीनवर पडल्या पडल्या ते मला म्हणाले, "बघ, मी आता माझ्या टेबलावरचा दगड झालो. आतलं पाणी आत आणि वरून पाणी बंद." मी म्हटलं, "बाबा, प्लीज. विनोद नको." ते म्हणाले, "विनोद नाही ग, निरीक्षण आहे."

पाण्याचा हिशेब आईकडे होता. एक स्टीलची लोटी आणि एक छोटं फुलपात्र. सकाळी लोटी भरायची, त्यातून औषधाला, त्यातून चहाला, त्यातूनच घोट घोट. लोटी रिकामी झाली की त्या दिवसाचं पाणी संपलं. आमच्या आईला आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर हुकूमत मिळाली आणि ती असली, म्हणजे नशिबाची थट्टाच.

उन्हाळा लागला आणि हाल सुरू झाले. इंदूरचा उन्हाळा, कूलर चालू, आणि माणूस सुकलेल्या जिभेने बसलेला. बाबा काय काय करायचे! तुळशीला पाणी घालतो म्हणून अंगणात जायचे आणि नळीच तोंडाला लावायचे. चूळ भरायला गेले की आई दाराशी उभी. "थुंका. सगळं थुंका. मी बघते आहे." एकदा फ्रीजमधला बर्फाचा खडा गालात धरून बसले होते, आईने नवऱ्याचं तोंड उघडायला लावलं, जसं आपण लहान पोराच्या तोंडातून माती काढतो तसं. कॉलेजात पिढ्या शिकवलेला माणूस. बाबा खजील होऊन म्हणाले, "अगं, वितळतच होता." आई स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडली आणि डोळे पुसून परत लोटीपाशी येऊन बसली.

मी तिला म्हटलं, "थोडं दे ग. एवढ्याने काय होतंय." तर माझ्यावर उसळली, "तू देशील आणि रात्री दम लागला की मी बघू? बोलायला काय जातं तुझं!" बरोबरच होतं तिचं. ज्या दिवशी जास्त पाणी जायचं त्या दिवशी ते आडवे होऊ शकत नसत, उशांना टेकून बसल्या बसल्या श्वास ओढायचे.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आई त्यांच्यासमोर पाणी प्यायची नाही. मग कधी प्यायची? तर जवळजवळ प्यायचीच नाही. त्यांच्या लोटीसारखीच एक लोटी तिने स्वतःलाही भरली होती, गुपचूप, मागच्या ओट्यावर. मी रागावले तर म्हणाली, "मला नाही जात घशाखाली. ते बघत असतात."

शेवटच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये बाबांच्या फुप्फुसांत पाणी भरलं होतं. नळ्या लावलेल्या, पण शुद्ध होती. त्यांनी आईकडे बघितलं आणि हाताची ओंजळ केली. आईने नर्सकडे बघितलं. नर्स म्हणाली, "माताजी, बस होंठ गीले कर दो." आईने कापूस ओला करून ओठांवरून फिरवला. बाबांनी कापूस ओठांत धरून ठेवला, सोडीनात. आईने तो हळूच ओढून काढला. "बस, एवढंच?" असं ते म्हणाले, अगदी साधं, जेवताना वाढणं कमी पडलं की म्हणावं तसं. दुपारी ते गेले. मग चमच्याने गंगाजल त्यांच्या तोंडात घातलं ते गालावरून ओघळून उशीवर गेलं, आणि आई त्या ओल्या उशीकडे बघत राहिली.

घरी आणल्यापासून ती एकच वाक्य बोलत होती. "एक फुलपात्र दिलं असतं तर काय बिघडलं असतं? जाणारच होते तर पिऊन गेले असते." जो भेटायला येईल त्याला तेच. लोक म्हणत, "अहो, तुम्ही त्यांच्या भल्यासाठीच केलंत." ती मान हलवायची आणि पुढच्या माणसाला तेच विचारायची.

आपल्यात स्मशानात मुलगा मडक्यात पाणी घेऊन चितेभोवती फिरतो, आणि त्या मडक्याला एका दगडाने भोक पाडतात. त्या दगडाला अश्मा म्हणतात. गेलेला माणूस दहा दिवस त्या दगडात असतो, असं मानतात. त्याला घरी आणायचं, बाहेर कोपऱ्यात ठेवायचं, रोज तिळाचं पाणी द्यायचं आणि दहाव्या दिवशी नदीत सोडायचं. मी स्मशानात गेले होते. एक लांबचे काका कुरकुरले, "मुली येत नाहीत." मी म्हटलं, "ही आली आहे."

गुरुजी भावाला म्हणाले, "भिया, एक खडा शोधा आसपास. मुठीएवढा." सगळे खाली बघायला लागले. भावाने मात्र झब्ब्याच्या खिशात हात घातला आणि दगड बाहेर काढला. बाबांच्या टेबलावरचा. गुरुजींनी पाहिला, म्हणाले, "चालेल. खडा तो खडा." मडक्याला भोक पडलं, पाणी भावाच्या खांद्यावरून, त्या दगडावरून वाहिलं, आणि मी नुसती बघत राहिले. अशा वेळी कोण ओरडणार, थांबा, तो दगड बदला म्हणून? झालं ते झालं. बाबा आता त्या दगडात होते.

घरी मागच्या ओट्यावर एका ताटलीत, पांढऱ्या कापडाच्या तुकड्यात तो ठेवला. गुरुजी समजावून सांगत होते, "रोज सकाळी अंघोळ करून तिळाचं पाणी. पाणी दगडाला लागलं पाहिजे, भिया. मतलब, नुसतं दाखवल्यासारखं नाही. या दहा दिवसांत जाणाऱ्याला फार तहान असते. हेच पाणी त्यांना पोचतं." आतल्या खोलीत आई भिंतीला टेकून बसली होती, तिच्या कानावर ते पडलं. मला तिचा हुंदका ऐकू आला.

मी गुरुजींना दारापर्यंत सोडायला गेले आणि विचारलं, "हा दगड मध्येच फुटला तर?"

"अश्मा हरवला, फुटून गेला, तर सगळं पहिल्यापासून. पण दगड कशाला फुटेल, ताई? दगड आहे."

गुरुजी गेले आणि मी भावाला मागे ओट्यावर धरला. "अरे, अक्कल गहाण ठेवली होतीस का? सगळं स्मशान दगडांनी भरलंय आणि तू घरून घेऊन गेलास? तेही हाच? याला पाणी चालत नाही, माहीत नाही तुला? याचा जोडीदार बादलीत विरघळला होता!"

तो ओट्यावर खाली बसला. मग म्हणाला, "मला नव्हतं माहीत, ताई. मला वाटलं, बाबा कुठल्या अनोळखी दगडात कसे राहतील? हा त्यांच्या रोज समोर असायचा."

माझा सगळा राग जागच्या जागी बसला. एवढा मोठा घोडा झालेला माणूस, बेंगळुरूला वीस जणांना हुकूम सोडतो, आणि तिथे माझ्यासमोर ओट्यावर बसून हुंदके देत होता. मीही त्याच्याजवळ बसले. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडले. बाबा गेल्यापासून तोवर मला रडू आलं नव्हतं.

पहिल्या पाण्यालाच कडा सुटायला लागल्या. कापडावर हिरवट डाग पडला, चिमूटभर कच पडली. दुसऱ्या दिवशी एक बारीक चीर दिसली. भाऊ पाणी देताना आता थेंब थेंब सोडत होता, आणि मी शेजारी उभी राहून म्हणत होते, "बस, बस, जास्त नको." माझंच वाक्य माझ्या कानावर आलं. हेच तर घरात महिनोन् महिने चाललं होतं.

आईचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. हे नीट जाऊ देत. ती जपासारखं म्हणायची, "आता तरी काही अडचण नको यायला त्यांना." सगळं पहिल्यापासून करायचं म्हणजे तिच्यासाठी बाबा परत वाटेत अडकणार. दगड दहाव्यापर्यंत टिकायलाच हवा होता. मी विज्ञानाची बाई, माझा या सगळ्यावर फारसा विश्वास नाही. पण आईचा होता, आणि घरात त्या दिवसांत तेवढंच पुरेसं होतं.

मग मला बाबांची युक्ती आठवली. ठिसूळ दगडाची कागदासारखी पातळ चकती कापून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत. कापायच्या आधी अशा दगडाला ते पातळ राळ पाजायचे, म्हणजे राळ फटींत शिरून वाळते आणि दगड एकसंध राहतो. राळेची बाटली कपाटात सापडली, पण आत सगळं गोठून खडा झालेलं. माझ्या पर्समध्ये बिनरंगाचं नेलपॉलिश होतं. म्हटलं, हे काय वाईट? दोन हात मारले की पाणी आत शिरणारच नाही. वरून ओघळून जाईल, कोणाला कळणारही नाही.

दुपारी घर झोपलेलं बघून मी ओट्यावर गेले. कापड उघडलं, ब्रश बुडवला आणि कडेला एक पट्टा ओढला. वास पसरला.

"काय लावते आहेस त्यांना?"

आई दारात उभी होती.

"काही नाही."

"खोटं नको बोलू. तो कुठला दगड आहे ते मला ठाऊक आहे. टेबलावर धूळ आहे आणि मध्ये त्याची जागा मोकळी आहे. मी पहिल्याच दिवशी बघितली."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? पोराने मायेने नेला." ती उंबऱ्यावर बसली. "सांग, काय लावते आहेस?"

मी सगळं सांगितलं. हे लावलं की दगड फुटणार नाही. दहाव्यापर्यंत अख्खा राहील. सगळं नीट पार पडेल.

"आणि पाणी?"

"वरून जाईल."

"म्हणजे आत लागणार नाही."

"नाही."

आईने त्या दगडाकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे परत तेच. परत मी त्यांच्यासमोर पाणी घेऊन बसायचं आणि द्यायचं नाही."

"आई, अगं..."

"नाही ग. डॉक्टर म्हणाले म्हणून मी दिलं नाही. चोरासारखं पकडलं त्यांना. तोंडातला बर्फ काढला. तो कापूस, तो कापूस मी ओढून घेतला त्यांच्या ओठांतून! का, तर जगावेत म्हणून. आता कशासाठी? आता काय व्हायचं राहिलंय त्यांचं? पुस ते."

"फुटला तर पहिल्यापासून करावं लागेल. गुरुजी म्हणालेत."

"तर करू पहिल्यापासून. दहा वेळा करू. पण तहानलेले नको ठेवू ग त्यांना." आणि ती पदर तोंडाशी धरून रडायला लागली. मी पर्समधलं रिमूव्हर काढलं आणि कापसाने तो पट्टा पुसला. कापूस होता म्हणून आईने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ पाणी हात न आखडता घालायला लागला. तो घालायचा, आणि आई दारात बसून बघायची. दगड रोज थोडा सुटायचा. जे गळून पडेल ते मी त्याच कापडात गोळा करायचे आणि आई वरून कापडाची पट्टी आवळून बांधायची, जसं मोडलेल्या हाताला बांधतात. रोज सकाळी पट्टी सोडताना आम्ही तिघं वाकून बघायचो. रोज तो असायचा, कालच्यापेक्षा थोडा लहान, थोडा हिरवा. चीर रुंद होत होती. भाऊ एकदा हळूच म्हणाला, "चल ना बाबा, थोडे दिन और." त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही.

दहाव्याला आम्ही नर्मदेवर गेलो. इंदूरहून तिकडे जाताना सिमरोलचा घाट लागतो. कापलेला डोंगर अजून तसाच उघडा आहे, काळा आणि मध्ये मध्ये हिरवट. भाऊ गाडी चालवत होता, आईच्या मांडीवर ती पुरचुंडी होती. मी म्हटलं, "आई, इथलाच तो." तिने काचेतून बघितलं आणि पुरचुंडी जरा वर उचलून धरली, खिडकीच्या उंचीला. मूल बाहेर बघायचा हट्ट करतं तेव्हा धरतो तशी.

नदीच्या घाटावर सगळं झाल्यावर शेवटचं पाणी उरलं. आई गुरुजींना म्हणाली, "मी घालू का?"

गुरुजी घुटमळले. "काकू, खरं तर मुलाने..." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "घाला. नर्मदामैयापुढे कोण विचारतंय."

आईने पुरचुंडी सोडली. दगड डाव्या तळहातावर घेतला आणि फुलपात्र नदीत बुडवलं. तेच फुलपात्र, घरून पिशवीत घालून आणलेलं, आम्हाला न सांगता. भरून घेतलं आणि ओतलं. परत भरलं, परत ओतलं. "प्या," ती म्हणाली. "प्या हो. आता कोणी मोजत नाही." तिच्या हातावरून हिरवं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. मग चीर उघडली. आवाज वगैरे काही झाला नाही. दगड तिच्या हातातच बसला, भिजलेलं बिस्किट बसतं तसा.

मी वाकून बघितलं. इतकी वर्षं बाबा म्हणत होते ती पोकळी, ते लांब पांढरे खडे, काही नव्हतं आत. नुसती हिरवी माती. दोन चार कण पांढरे, तांदळाच्या कणीएवढे. मला कुणाचा तरी राग आला, कुणाचा ते कळेना. आईने मात्र आत काय आहे ते बघितलंही नाही. तिने हात तसाच पाण्यात घातला आणि बोटं उघडी ठेवून वाकून राहिली. नदीने तो चिखल थोडा थोडा करून नेला. हात पूर्ण स्वच्छ झाला तरी ती तशीच वाकलेली होती, शेवटी भावाने तिला धरून उभं केलं.

गुरुजींकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. ते आपलं सामान आवरत म्हणाले, "झालं. पोचले." पहिल्यापासून वगैरे काही बोलले नाहीत. मनात काय होतं त्यांच्या, मी विचारलं नाही, आणि आजही त्यांचे त्याबद्दल उपकार मानते.

परतताना ऊन कडक होतं. सिमरोलच्या अलीकडे आई म्हणाली, "पाणी आहे का ग?" मी बाटली दिली. तिने झाकण काढलं, दोन घोट घेतले आणि थांबली. बाटली उंच धरून किती संपली ते बघितलं. मग समोर भावाकडे बघून, रोज संध्याकाळी बाबांची लोटी तपासून मला विचारायची तशी, सहज विचारलं, "आज त्यांचं किती झालं रे?"

आईला आपण काय बोललो ते अजून कळलं नव्हतं, ती उत्तराची वाट बघत होती. भावाने आरशातून माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज त्याने सरळ ठेवला.

"झालं, आई. पोटभर झालं आज."

"बरं," आई म्हणाली, आणि बाटली तोंडाला लावून उरलेलं सगळं पाणी प्याली.